परिषद मे महिन्यात, धावपळ सप्टेंबरात

सप्टेंबर संपत आला की माझ्याकडे ठरावीक निरोप यायला लागतात. ‘मॅडम, पीएएची शेवटची तारीख पुढे जाणार आहे असं ऐकलं, खरं का?’ मला काय माहीत! पीएए ही अमेरिकेतली लोकसंख्याशास्त्रज्ञांची संस्था, आणि मी तिची कुणी लागत नाही. पण विचारणाऱ्याचा ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे परिषदेला पाठवायचा निबंधाचा सारांश, अजून अर्धाच झालाय, एवढं मात्र त्या प्रश्नावरून पक्कं कळतं.

माझं काम मृत्युदरांचं. सर्वेक्षणांत आयांनी सांगितलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी घ्यायच्या, त्यावरून बालमृत्यूचे अंदाज काढायचे आणि त्या नोंदी कुठे खोटं बोलतायत ते हुडकायचं. त्यामुळे पीएचडी करणारी किंवा नुकतीच संपवलेली पोरं कायम अवतीभवती असतात, आणि परिषदा, समर स्कूल, फेलोशिप यांबद्दल विचारत असतात. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. यात सगळं नाही. मला उपयोगाचं वाटतं तेवढंच आहे, आणि मतं माझी आहेत.

परिषदेची तारीख वहीत लिहायचीच नाही, हा माझा पहिला नियम. लिहायची ती ॲबस्ट्रॅक्ट पाठवायची तारीख. पीएए म्हणजे पॉप्युलेशन असोसिएशन ऑफ अमेरिका, १९३१ साली स्थापन झालेली. तिची वार्षिक परिषद एप्रिल-मेच्या सुमारास असते: २०२५ ला वॉशिंग्टन डीसी, २०२६ ला सेंट लुइस. पण ॲबस्ट्रॅक्ट मागवतात आदल्या सप्टेंबरच्या अखेरीला. म्हणजे मे महिन्यात जे काम तुम्ही व्यासपीठावरून सांगणार, त्याचे आकडे त्याआधीच्या उन्हाळ्यात हातात असायला हवेत. ज्यांना हे उशिरा कळतं ते जानेवारीत परिषदेची वेबसाइट उघडतात, सुंदर फोटो बघतात आणि ‘सबमिशन क्लोज्ड’ वाचून बंद करतात.

बाकीच्यांचं गणितही साधारण असंच. युरोपियन पॉप्युलेशन कॉन्फरन्स दर दोन वर्षांनी, सम वर्षी: २०२२ ला ग्रोनिंगन, २०२४ ला एडिंबरा, २०२६ ला बोलोन्या. परिषद जूनच्या आसपास, ॲबस्ट्रॅक्ट आदल्या वर्षाच्या शरदात. ब्रिटिश सोसायटी फॉर पॉप्युलेशन स्टडीजची परिषद दर सप्टेंबरला, तिचं आवाहन त्याच वर्षीच्या वसंतात येतं. आशियाई लोकसंख्या संघटनेची परिषद साधारण तीन वर्षांनी. मागची २०२४ च्या नोव्हेंबरात काठमांडूला झाली. आफ्रिकेतली त्याच वर्षी मे महिन्यात लिलाँग्वेला. कुटुंबनियोजनाची आंतरराष्ट्रीय परिषद २०२२ ला पट्टायाला, २०२५ ला बोगोटाला.

आणि मग ती मोठी, आययूएसएसपीची, म्हणजे लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची. संस्था १९२८ सालची, जागतिक परिषद दर चार वर्षांनी. २०१७ केपटाउन, २०२१ हैदराबाद, जी कोरोनामुळे पडद्यावरच भरवावी लागली, २०२५ ब्रिस्बेन. याच हिशेबाने पुढची २०२९ ला येते. इथे एक गोष्ट पीएचडीवाल्यांनी नीट बघावी. चार वर्षांच्या पीएचडीत ही परिषद एकदाच येते. ती पहिल्या वर्षी आली तर तुमच्याकडे सांगायला काही नसतं, चौथ्या वर्षी आली तर प्रबंध मानगुटीवर असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आली तर नशीब. गाइड हे सांगत नाहीत, कारण त्यांच्या आयुष्यात ती दर चार वर्षांनी येतच राहणार असते.

माझं एक नावडतं मत: पहिली परिषद मोठी नको. हजारो लोक, एकाच वेळी डझनभर दालनांत चालू असलेली सत्रं, आणि ज्यांचे निबंध वाचून तुम्ही मोठे झालात ती माणसं कायम कुठल्या तरी मीटिंगला निघालेली. त्यापेक्षा रेव्ह्जसारखी बैठक बघा. १९८९ पासून चालू असलेलं हे निरोगी आयुर्मानावर काम करणाऱ्यांचं जाळं आहे. एका वयानंतर माणूस किती वर्षं जगतो एवढंच विचारायचं नाही, त्यातली किती वर्षं धडधाकट जातात तेही विचारायचं, हा त्यांचा विषय. ही धडधाकट वर्षं मोजायची १९७१ ची सुलिवन पद्धत तिथे अजूनही रोजच्या वापरात आहे. वर्तुळ लहान, त्यामुळे पहिल्या दिवशी ज्याने तुमच्या आलेखावर शंका काढली तो तिसऱ्या दिवशीही भेटतो, आणि तोवर त्याने स्वतःच उत्तर शोधलेलं असतं. पॉपफेस्टही चांगलं, विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी भरवलेलं, त्यामुळे तिथे अडखळलं तरी कुणी भुवया उंचावत नाही.

आता ॲबस्ट्रॅक्ट. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण दुसऱ्यांचे ॲबस्ट्रॅक्ट तपासायचं काम माझ्याकडे येतं आणि बहुतेकांची गाडी याच ठिकाणी अडते.

पीएएला दोन गोष्टी द्याव्या लागतात: दीडशे शब्दांचा छोटा ॲबस्ट्रॅक्ट आणि सोबत दोन ते चार पानांचा विस्तारित ॲबस्ट्रॅक्ट, नाहीतर पूर्ण निबंध. दीडशे शब्द म्हणजे किती, याचा अंदाज लिहायला बसल्याशिवाय येत नाही. तरीही दहातले सहा-सात लोक सुरुवात करतात ती अशी: ‘बालमृत्यू हा कोणत्याही देशाच्या विकासाचा महत्त्वाचा निर्देशक आहे. शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये त्याला विशेष स्थान आहे.’ झालं. जागा गेली आणि वाचणाऱ्याला नवीन काही मिळालं नाही. बालमृत्यूच्या सत्राचा संयोजक बालमृत्यू महत्त्वाचा आहे हे मानूनच बसलेला असतो हो.

एका मुलीचा मसुदा गेल्या खेपेला माझ्यापुढे आला. विषय उत्तम होता. लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांत, म्हणजे डीएचएसमध्ये, दगावलेल्या मुलाचं वय एका महिन्याच्या आतलं असेल तर दिवसांत लिहितात, दोन वर्षांच्या आतलं असेल तर महिन्यांत, त्यापुढे वर्षांत. पण आई कॅलेंडर बघून सांगत नसते. बाळ दहा महिन्यांचं असो की चौदा, बरीच वर्षं उलटल्यावर ती म्हणते, ‘वर्षाचं होतं.’ त्यामुळे महिन्यांचा आलेख काढला की बाराव्या महिन्यावर एकदम सुळका उभा राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खळगे. आता यात गोम अशी की अर्भकमृत्यू म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या आधीचा मृत्यू. दहाव्या-अकराव्या महिन्यातले मृत्यू बारावर सरकले की ते अर्भकांच्या खात्यातून निघून एक ते चार वर्षांच्या मुलांच्या खात्यात जातात. पाच वर्षांखालचा एकूण मृत्युदर तसाच राहतो, अर्भकमृत्युदर मात्र आहे त्यापेक्षा कमी दिसतो. कुणी काही लपवलं नाही, कुणी आकडे फिरवले नाहीत, तरी देशाची कामगिरी बरी दिसायला लागते.

हे सगळं तिच्या मसुद्यात होतं, पण सहाव्या वाक्यापासून पुढे. पहिली पाच वाक्यं शाश्वत विकासाची. आम्ही ती पाचही उडवली आणि सुरुवात प्रश्नानेच केली: बारा महिन्यांवर गोळा झालेले मृत्यू पुन्हा योग्य महिन्यांत वाटले, तर अर्भकमृत्युदर किती वाढतो, आणि जिथे आईचं शिक्षण कमी तिथे तो जास्त वाढतो का? एका दमात प्रश्न, डेटा आणि तुलना आली. मग पद्धतीची दोन वाक्यं, निकालाची तीन. निकाल म्हणजे खरे आकडे. ‘निष्कर्षांची चर्चा केली जाईल’ हे वाक्य दिसलं की तपासणारा समजतो की अजून काही केलेलंच नाही, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं.

ती विचारत होती, की ‘पण निकाल मेपर्यंत बदलले तर?’ बदलू द्या. सगळ्यांचेच बदलतात. मेमध्ये ‘ॲबस्ट्रॅक्टमध्ये हा आकडा वेगळा होता, कारण असं असं’ म्हटलं तर उलट लोक कान टवकारून ऐकतात.

विस्तारित ॲबस्ट्रॅक्टमध्ये एक तक्ता, एक आलेख, बस. मोकळा तक्ता, ज्यात फक्त रकान्यांची नावं आहेत आणि आकडे ‘नंतर येतील’, तो पाठवू नका. तो न पाठवलेला बरा.

वेळेचं एक बारीकसं. ‘एओई’ असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ ‘पृथ्वीवर कुठेही’: यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, बारा तास मागच्या पट्ट्यात जोवर ती तारीख चालू आहे तोवर तुमचा अर्ज चालतो. पूर्वेकडच्या माणसाला यात अर्ध्या दिवसापेक्षा जास्त सूट मिळते. पण प्रत्येक संस्था एओई वापरत नाही. कुणी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ देतं, कुणी मध्य युरोपची. आणि शेवटच्या तासाला सगळं जग एकाच सर्व्हरवर चढतं, हे वेगळं सांगायला नको.

निवड झाली, पण पोस्टरसाठी, म्हणजे भाषण नाही, भिंतीवर मोठा कागद लावून शेजारी उभं राहायचं. मग चेहरे पडतात. मला खरंच हे कळत नाही. भाषणाच्या सत्रात साधारण दीड तासात चार निबंध आणि वर त्यांवर टिप्पणी करणारा एक चर्चक. वाट्याला आलेल्या मिनिटांतली पहिली काही मिनिटं पेनड्राइव्ह आणि प्रोजेक्टरच्या भांडणात. प्रश्नांची वेळ आली की चर्चकाला घड्याळ दिसेनासं होतं. पोस्टरपाशी मात्र जो थांबतो तो तुमच्याचसाठी थांबलेला असतो. बोट ठेवून विचारतो, ‘हा बिंदू इथे का?’ पोस्टरचं शीर्षक विषयाचं न ठेवता निकालाचं ठेवा, एकच आलेख मोठा करा, आणि दोन पावलं मागून वाचता येणार नाही ते काढून टाका. संदर्भसूची आधी काढा. ती वाचायला कुणी येत नाही.

आता संधींबद्दल, म्हणजे परिषदेपलीकडच्या. माझ्या मते खरा फायदा इथे आहे. परिषद तीन-चार दिवसांत संपते. एखादा उन्हाळा नीट घालवला तर त्यातून दोन निबंध आणि आयुष्यभराचे सहलेखक निघतात.

व्हिएन्नाजवळच्या लॅक्सेनबर्गला आयआयएएसए ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे, १९७२ सालची, जुन्या हॅब्सबर्ग राजवाड्यात थाटलेली. तिथला यंग सायंटिस्ट्स समर प्रोग्रॅम १९७७ पासून चालू आहे. जून ते ऑगस्ट, तीन महिने, पीएचडी करणाऱ्यांसाठी. तिथे वर्ग भरत नाहीत. तुमचा प्रश्न तुम्ही घेऊन जायचा आणि तिथल्या संशोधकासोबत तो तडीला न्यायचा. अर्ज शरदात सुरू होऊन जानेवारीत बंद होतात. ज्या देशांच्या संस्था आयआयएएसएच्या सदस्य आहेत, तिथल्या विद्यार्थ्यांना खर्चाची सोय बहुधा त्या सदस्य संस्थेकडून होते. तेव्हा अर्जाआधी तुमचा देश त्या यादीत आहे का ते बघा. भारत आहे.

रोस्टोकची माक्स प्लांक लोकसंख्याशास्त्र संस्था १९९६ ची. तिच्याशी जोडलेली युरोपियन डॉक्टरल स्कूल ऑफ डेमोग्राफी अकरा महिन्यांची. गणिताची भीती असेल तर ती तिथे जाते. म्हणजे जावीच लागते. आयुर्मानाच्या सारण्या, वय आणि काळ एकत्र दाखवणारी लेक्सिस आकृती, पुढच्या लोकसंख्येचे अंदाज, सगळं हाताने आणि मग आर या संगणकभाषेत. मात्र चालू पीएचडीतून जवळपास वर्षभर बाहेर राहायचं म्हटल्यावर गाइडशी आधी बोलावं लागतं, आणि ते बोलणं अर्जापेक्षा अवघड असू शकतं. बर्कलीला जूनमध्ये औपचारिक, म्हणजे गणिती, लोकसंख्याशास्त्राची छोटी कार्यशाळा होते. वेळ कमी असेल तर ती.

आणि काहीच जमत नसेल, पैसा नाही, रजा नाही, घरी लहान मूल आहे, तर आययूएसएसपीच्या तज्ज्ञ गटांचे वेबिनार बघा. फुकट असतात. कॅमेरा चालू ठेवा आणि एक तरी प्रश्न विचारा. नाव लक्षात राहतं.

डेटाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण अनेकांचे बेत त्यावर उभे असतात. डीएचएस कार्यक्रम १९८४ मध्ये सुरू झाला आणि नव्वदहून जास्त देशांत त्यांची चारशेवर सर्वेक्षणं झाली. भारतातलं एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, त्याच घराण्यातलं. अमेरिकी सरकारच्या पैशावर हे चालायचं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पैसा थांबवला गेला. पुढे गेट्स फाउंडेशनने काही काळापुरता हात दिला, पण गाडी पूर्वीसारखी राहिली नाही. तुमच्या प्रस्तावात ‘पुढच्या फेरीचा डेटा आल्यावर’ असं वाक्य असेल तर ते आजच बदला. जुन्या फेऱ्या एकत्र करून काय विचारता येईल ते बघा. युनिसेफची बायका-मुलांवरची ‘मिक्स’ सर्वेक्षणं १९९५ च्या सुमारापासून चालू आहेत आणि नोंदणी केली की डेटा मिळतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या आयपम्स या प्रकल्पाने वेगवेगळ्या फेऱ्यांतले प्रश्न आणि उत्तरांचे कोड एकसारखे करून ठेवलेत, त्यामुळे महिनाभराचं डोकं फोडणं वाचतं. ह्युमन मॉर्टॅलिटी डेटाबेस २००२ पासून सगळ्यांना खुला आहे, पण त्यात देश चाळीसच्या आसपास, कारण जिथे जन्म-मृत्यूची नोंद जवळजवळ पूर्ण आहे तेच घेतात. म्हणजे जिथे मृत्यू जास्त, नेमके तेच देश बाहेर. हा मुद्दा प्रस्तावात लिहिण्यासारखा आहे. तुमचं काम का हवं, हे तो एका वाक्यात सांगतो.

पैशांचं. आययूएसएसपी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या लोकांना प्रवासाला मदत करते, त्यात सदस्यांना आधी विचारतात. म्हणून सदस्यत्व परिषदेच्या तोंडावर न घेता आधीच घेऊन ठेवा. विद्यार्थ्यांसाठी वेगळी सोय असते. मंजुरीचं पत्र आलं की आनंदात एक प्रश्न विसरायचा नाही: पैसे आधी देणार की परत आल्यावर बिलं बघून? माझ्या ओळखीतल्या एकाला एका यजमान संस्थेने परतावा दिला खरा, पण तोवर त्याने क्रेडिट कार्डावर इतकं व्याज भरलं होतं, की पुढच्या परिषदेचा विषय काढला तरी तो चिडतो. आधी देत नसतील तर निदान तिकीट त्यांनी काढावं असं विचारा. विचारण्यात काही कमीपणा नाही, आणि बऱ्याचदा हो म्हणतात.

व्हिसाचं आमंत्रणपत्र नोंदणीनंतरच मिळतं, आणि त्यावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. नोंदणीच्या फॉर्मवर सवयीने आडनाव आधी, नाव नंतर, वडिलांचं नाव गायब असं लिहू नका. मिनिटभराचं काम, पण चुकलं तर वकिलातीत वेळ पुन्हा मिळवण्यात आठवडे जातात.

खोट्या परिषदांना फसणारे अजूनही आहेत. ईमेल येतो, ‘आदरणीय प्राध्यापक, आपला अमूल्य निबंध वाचून आम्ही भारावून गेलो.’ निबंध तुमचा पहिलाच, आणि बोलावणं दंतचिकित्सेच्या परिषदेचं. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. लोकसंख्या, नॅनोतंत्रज्ञान आणि हॉटेल व्यवस्थापन एकाच छपराखाली असतं. दोन दिवसांत स्वीकृती येते. तपासणी कोण करणार याचा पत्ता नसतो, फी मात्र आधी हवी असते. आयोजन समितीत ज्यांची नावं आहेत त्यांतल्या एकाला सरळ पत्र लिहून विचारा. दोनदा असं झालंय की त्या व्यक्तीला आपण समितीत असल्याचं माझ्या विद्यार्थ्याच्या पत्रामुळेच कळलं.

निबंध छापायची फी हा आणखी एक खड्डा. रोस्टोकचंच ‘डेमोग्राफिक रिसर्च’ हे नियतकालिक १९९९ पासून निघतं, वाचायला फुकट आणि लेखकाकडूनही पैसे घेत नाही. तपासणी कडक असते. असू दे.

शेवटी सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, जो नेहमी दबक्या आवाजात येतो: ‘सरांचं नाव टाकू का?’ सरांनी काम केलं असेल तर टाका, आणि टाकण्याआधी त्यांना कळवा. अनेक परिषदांत एका व्यक्तीने किती निबंध सादर करायचे याला मर्यादा असते. सरांचे पाच विद्यार्थी असतील आणि पाचही जण त्यांना न विचारता सादरकर्ता म्हणून त्यांचंच नाव लिहून मोकळे झाले, तर एकदोन निबंध आपोआप बाद होतात, आणि कुणाचे ते यंत्र ठरवतं. म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरांना एक ईमेल: शीर्षक, लेखकांचा क्रम, सादर कोण करणार, आणि अमुक तारखेपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही तर मी याच क्रमाने पाठवीन. ही शेवटची ओळ लिहिताना हात थरथरतो, माहीत आहे. लिहा. सर त्याच दिवशी उत्तर देतात.